हजेरीची अट आणि तीन किलो तांदूळ



ज्या घराला सरकारची मदत मिळते त्या घरातील मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, अशी अट घालावी की नाही, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. एक पक्ष म्हणतो, पैसा जनतेचा आहे. तो घेणाऱ्याने निदान पोर तरी शाळेत पाठवावे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्याला अट घालणे म्हणजे बुडत्याला आधी पोहायला शिक म्हणण्यासारखे आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे आहे. पण नुसत्या वादाने असा प्रश्न सुटत नाही. अट पूर्वी कोणी घातली, कशी घातली आणि तिचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे डोळ्यांसमोर काही नक्की उभे राहते. त्यासाठी लांब जायला नको. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत हा सारा इतिहास घडलेला आहे.

डहाणूहून जव्हारकडे निघाले की चारोटी नाका ओलांडल्यावर कासा लागते. जवळून सूर्या नदी वाहते आणि विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा गड दिसतो. भोवतालचे पाडे मुख्यतः वारली लोकांचे. भात हे इथले मुख्य पीक, आणि ते पावसावर. त्यामुळे वर्षाचे दोन भाग पडतात. भात घरात येते तेव्हा चार महिने बरे जातात. पुढे धान्य संपते, आणि आषाढ-श्रावणात, नेमके शेतात राबायचे दिवस असतात तेव्हा, घरात खायला नसते. या दिवसांत पोटासाठी जे धान्य उसने आणायचे त्याला खावटी म्हणतात. पूर्वी खावटी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून यायची. सुगीत ती दिडीने किंवा दुपटीने फेडायची. फिटली नाही, तर घरातली माणसे कामाला जायची, आणि पोर जमीनदाराची गुरे राखायला जायचे.

आता पाहा, मदतीला हजेरीची अट जोडण्याची रीत इथे सरकारने प्रथम आणली असे म्हणता येत नाही. ती सावकाराने आधीच आणलेली होती. फरक एवढाच की त्याची हजेरी शाळेत लागत नसे, गोठ्यात लागत असे. पोराचा दिवस आधीच गहाण पडलेला होता. शाळेला जो झगडा करायचा होता तो मुलाच्या आळसाशी नव्हता, आईबापांच्या अडाणीपणाशीही नव्हता. तो या गहाणाशी होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढचे काहीच नीट उमगत नाही.

हे गहाण मोडायला सुरुवात झाली १९४५ साली. त्या वर्षी मे महिन्यात तलासरी भागातील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेमार्फत वेठबिगारीविरुद्ध चळवळ उभी केली. फुकट राबायचे नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर गडी म्हणून राहायचे नाही, असे लोकांनी ठरवले. त्या लढ्याची हकीगत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मात्र याच्याही आधीपासून देशात चालत आलेला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्ती सुरू केली आणि १९०६ साली ती सगळ्या संस्थानात नेली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपयापर्यंत दंड ठेवला. ब्रिटिश मुलुखात नामदार गोखल्यांनी १९११ साली असेच विधेयक मांडले. त्यात त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट घातली होती: ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा कमी त्याच्याकडून फी घ्यायची नाही. सक्ती करायची तर गरिबावर तिचा बोजा पडू द्यायचा नाही, हे त्यामागचे सूत्र. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी नापास झाले. पुढे मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ चा कायदा आला, मग १९२३ चा आणि १९४७ चा. १९४७ च्या कायद्यात पालकावर हजेरीचा हुकूम बजावण्याची आणि तो मोडल्यास दंडाची सोय होती.

कायदा कागदावर चांगलाच होता. पण डोंगरातल्या पाड्यावर त्याने काय करायचे? शाळा ओढ्यापलीकडे, ओढा पावसाळ्यात भरलेला, आणि पोर कुणाच्या तरी गुरांमागे. ज्याच्यापाशी दंड भरायला पैसाच नाही त्याला दंडाचे भय कसले? आणि दंड वसूल केलाच, तर तो पुन्हा सावकाराकडूनच आणायचा! म्हणजे पोराला शाळेत आणण्याच्या दंडापायी पोर परत गुरांमागे.

अशी अडचण फक्त आपल्याकडेच आली असे समजू नका. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही हाच घोळ झाला. तिथे गरिबांना घरबसल्या मदत देण्याची जुनी पद्धत होती. १८५५ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांच्या मुलांची फी भरण्याची मुभा दिली, पण शाळेची अट घालायला मनाई केली. अठरा वर्षांनी, १८७३ साली, तो कायदा रद्द झाला आणि उलट नियम आला: मदत हवी असेल तर मूल शाळेत गेले पाहिजे. म्हणजे आधी अट नको, मग अट हवीच. अठरा वर्षांत सरकारने कूस बदलली. यावरून एवढेच दिसते की हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांचा जुना आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही.

आपल्या भागात त्याला एक निराळे उत्तर दिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ च्या डिसेंबरात, म्हणजे झरीच्या परिषदेच्याच वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे त्यांना दिसले की मोठ्या हौसेने काढलेल्या बालवाडीत सगळ्यात गरीब वस्तीतली पोरे येतच नाहीत. मग त्यांनी मुलांना बोलावणे सोडले आणि बालवाडीच मुलांकडे नेली. वस्तीतल्या एखाद्या अंगणात मुले गोळा करायची, तिथेच गाणी, गोष्टी, शंख-शिंपले, खडे आणि बिया घेऊन खेळ. तीच अंगणवाडी. आज देशभर प्रत्येक गावात जो शब्द ऐकू येतो त्याचा उगम या किनाऱ्यावरच्या अंगणांत आहे. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा त्या योजनेतील केंद्रे याच नावाने ओळखली जाऊ लागली.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची मुले. सकाळ झाली की मोठे पोर गुरे घेऊन रानात आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरात. इथे सक्तीचा काय उपयोग? अनुताईंनी गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. जिथे गुरे चरतात तिथेच शिक्षक जायचा. गुरांवर एक डोळा आणि अक्षरांवर एक डोळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. धाकटे भावंड पाळण्यात ठेवले की थोरली बहीण वर्गात बसायला मोकळी. मुलांची बोली वारली; तिला हसायचे नाही, तिच्यातूनच पुस्तकाच्या भाषेकडे यायचे, हाही तिथला नेम.

शिक्षक मित्रहो, इथे क्षणभर थांबू. कोसबाडला अट नव्हती का? होती. पण ती आधी शाळेने स्वतःवर घालून घेतली: मूल का येत नाही, ते कारण पहिल्यांदा शोधीन, कारण दूर करीन, आणि मग मुलाकडून येण्याची अपेक्षा करीन. हजेरीपटावर नुसती गैरहजेरीची खूण करून त्या थांबल्या नाहीत. ‘गैरहजर’ या शब्दामागे गुरे आहेत की धाकटे भावंड आहे की फाटका कपडा आहे, हे त्यांनी पाहिले.

याच काळात दुसरी वाट निघाली ती आश्रमशाळांची. १९२२ साली ठक्कर बाप्पांनी दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले, तेव्हापासून आदिवासी मुलांसाठी राहण्या-जेवण्याची सोय असलेल्या शाळांची कल्पना रुजली. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सरकारने संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान दिले आणि १९७० नंतरच्या दशकात स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. इथे पोट आणि पाटी एकाच छपराखाली आली. पोर शाळेत राहते तोवर घरातले एक तोंड कमी, हा हिशेब आईबापांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. पण पोर घरापासून तुटते, ही हुरहुरही त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

आता येऊ अगदी अलीकडच्या अटींकडे. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने उपस्थिती भत्ता सुरू केला. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्तांतील गरीब घरची मुलगी पहिली ते चौथीच्या वर्गात ज्या दिवशी हजर राहील, त्या दिवसाचा तिला एक रुपया. १९९५ साली १५ ऑगस्टला केंद्र सरकारची पोषण आहार योजना आली. तिच्यात सुरुवातीला बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न नव्हते, कोरडे धान्य होते. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी भरली की मुलामागे तीन किलो तांदूळ घरी न्यायचा.

या दोन योजना वरवर सारख्या दिसतात, पण त्यांचा हिशेब वेगळा आहे. तो नीट मांडून पाहू. समजा, महिन्यात शाळेचे पंचवीस दिवस भरले. ऐंशी टक्के म्हणजे वीस दिवस. जे पोर वीस दिवस आले त्याला तीन किलो. जे एकोणीस दिवस आले त्याला काहीच नाही. आणि जे आजारपणामुळे दहाच दिवस येऊ शकले त्यालाही काहीच नाही. म्हणजे पंधरवड्यातच ज्याचे सहा दिवस बुडाले त्याला उरलेल्या महिन्यात यायला तांदळाच्या दृष्टीने काही कारणच उरले नाही. आवणीच्या दिवसांत, नाहीतर दसऱ्यानंतर गवत कापणीला घर गेले असता, सहा दिवस बुडायला कितीसा वेळ लागतो? रुपयाचे तसे नव्हते. एकोणीस दिवसांचे एकोणीस रुपये. एक दिवस चुकला तर एक रुपया गेला, बाकीचे राहिले. गरिबाच्या घराला ही दुसरी रीत अधिक मानवते, कारण त्याचे आयुष्य ठरावीक टक्क्यांत बसणारे नसते. दुर्दैव असे की तो रुपया पुढे कित्येक वर्षे रुपयाच राहिला. १९९२ साली रुपयाला थोडे मोल होते. महागाई वाढत गेली तसे त्या रुपयाचे मोल उरले ते केवळ नावापुरते.

तांदळाच्या अटीने आणखी एक गोष्ट केली. तिने गुरुजींना रेशन दुकानदाराच्या जागी बसवले. कालपर्यंत हजेरीपट ही शाळेची खाजगी वही होती. आज तिच्यातल्या एका खुणेवर घरातला भात अवलंबून राहिला. समोर एकोणीस दिवसांचे पोर उभे आहे, त्याची आई दाराशी पिशवी घेऊन बसली आहे, आणि पेन गुरुजींच्या हातात आहे. अशा वेळी एक खूण जास्तीची करणाऱ्या माणसाला एकदम खोटारडा म्हणवत नाही. पण दहा घरांसाठी दहा खुणा झाल्या की हजेरीपट खरे बोलेनासा होतो, आणि मग कोणते पोर खरोखर येत नाही हे शोधायची वाटच बंद होते. शिवाय अनुदान आणि शिक्षकांच्या जागा पटावर ठरू लागल्या, तेव्हा आकडे फुगवणारे दुसरेही निघाले. अखेर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सरकारला राज्यभर पटपडताळणी करून पोरे डोक्यांनी मोजावी लागली.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हुकूम दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतून मुलांना कोरडे धान्य नव्हे, शिजवलेले जेवण द्या. वर्षातून किमान दोनशे दिवस द्या. आणि त्यात किमान तीनशे कॅलरी असू द्या. त्यानंतर आपल्या शाळांतून खिचडी शिजू लागली. पाहा, इथे ऐंशी टक्क्यांचा हिशेब राहिला नाही. जे पोर आले ते जेवले. अट आहे, पण ती ताटातच आहे. तिला वही लागत नाही, शिक्का लागत नाही. आणि तांदूळ घरी गेला की तो सगळ्या घरात वाटला जायचा, तसेही इथे होत नाही; पोराचे अन्न पोराच्या पोटात जाते.

परदेशांतही या दिशेचे प्रयोग झाले आहेत. बांगलादेशात १९९३ साली शिक्षणासाठी अन्न ही योजना निघाली. मुलाची हजेरी पंचाऐंशी टक्के असली की गरीब घराला महिना पंधरा किलो गहू. मेक्सिको देशात १९९७ पासून आईच्या हातात रोख रक्कम दिली जाऊ लागली, तिथेही पंचाऐंशी टक्के हजेरी. तिथे विशेषतः वरच्या वर्गांत मुली टिकू लागल्या, असे पाहणीत दिसले. उलट अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९८७ च्या कायद्याने शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या घरची मदत कापण्याचा नियम केला. त्याने हजेरी वाढल्याचे तपासणीत दिसले नाही. दोन्हींतला भेद सांगण्यासारखा आहे. एका ठिकाणी पोराच्या मजुरीची भरपाई होईल इतके काही नव्याने दिले आणि मग अट घातली. दुसऱ्या ठिकाणी जे मिळत होते त्यातूनच कापले. देऊन घातलेली अट आणि कापून घातलेली अट, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कायद्याची भाषाही आता बदलली आहे. १ एप्रिल २०१० पासून मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात लागू आहे. त्यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे: जवळ शाळा देणे, मुलाला दाखल करणे, त्याची हजेरी राहील हे पाहणे. पाल्याला शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य आहे असे तो सांगतो, पण जुन्या कायद्यासारखा दंड सांगत नाही. दुसरीकडे मदतीच्या नव्या योजनांत शाळा पुन्हा आली आहे. २०२३ च्या लेक लाडकी योजनेत पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या घरातील मुलीला जन्मानंतर पाच हजार, पहिलीत गेल्यावर सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर पंचाहत्तर हजार रुपये ठेवले आहेत. इथे रोजची हजेरी विचारलेली नाही, पायऱ्या विचारलेल्या आहेत. आणि जिची गोष्ट मी आरंभी काढली ती खावटीही सरकारने आपल्या हाती घेतली. आदिवासी विकास महामंडळामार्फत ती कर्जाने मिळे. २०२० च्या करोनाच्या संकटात ती चार हजार रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने मंजूर झाली, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूंत. तिला शाळेची अट नव्हती, आणि नसावी हेच बरे. भुकेच्या दिवसांत अन्न ही पहिली गोष्ट आहे.

तरीही एक गाठ सुटायची राहिली आहे. दिवाळीनंतर कित्येक घरे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती भिवंडी, वसईकडे, कोणी गुजरातेत. पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळा जूनमध्ये सुरू होते. म्हणजे पोराच्या वाट्याला आली चार-साडेचार महिन्यांची शाळा. उचल ही जुन्या खावटीचीच बहीण आहे: आधी पैसा, मागून पोरासकट सगळे घर राबायला. या मुलांसाठी विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. पुढे सरकारनेही स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्र देण्याची रीत घातली, की पोर जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. कुरणशाळेचाच हा पुढचा अवतार. अशा घराला कासा-चारोटीच्या शाळेतल्या ऐंशी टक्क्यांची अट घातली, तर मदत नेमकी ज्याला सर्वांत जास्त हवी त्याच्याच हातून सुटेल.

तेव्हा अट असावी की नसावी, याचे माझे उत्तर इतिहासाने दिले तेवढेच आहे. अट घालायची असेल तर चार गोष्टी आधी पाहाव्यात. एक, शाळा मुलाच्या पायाच्या टप्प्यात आहे का, आणि तिथे रोज शिक्षक आहे का. दोन, जे देतो आहोत ते पोराच्या गेलेल्या कामाची थोडी तरी भरपाई करते का. तीन, हिशेब दिवसाचा आहे की टक्क्याचा; एकोणीस दिवस आलेल्या पोराला शून्य देणारा हिशेब न्यायाचा नाही. चार, पोर गैरहजर राहिले तर पहिले पाऊल काय, मदत कापणे की घरी जाऊन विचारणे.

या शेवटच्या गोष्टीत शिक्षक मित्रांचे काम सगळ्यात मोठे आहे. हजेरीपट खरा ठेवा. तो घराला शिक्षा करण्यासाठी नव्हे. कोणाच्या दारात जायचे आहे हे तुम्हाला त्याच्यावरूनच कळणार आहे म्हणून. आणि आईबापांना माझे सांगणे असे की भट्टीवर निघण्याआधी शाळेत एकदा जाऊन या. गुरुजींना सांगा की आम्ही अमुक ठिकाणी चाललो आहोत, पोराचा कागद द्या. तो कागद उचलीच्या पैशाइतकाच जपून बांधा. सावकाराने पोराची हजेरी गोठ्यात लावून घेतली तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांना कोणी विचारले नव्हते. आता पोराची हजेरी कुठे लागावी, हे विचारायचा आणि सांगायचा हक्क आपला आहे.